उजव्या कोपऱ्यातले तीन चौकोन

"अहो, माझे चौकोन कुठे गेले?"

फोनवर पलीकडून, संगणक विभागातून, एक तरुण आवाज म्हणाला, "कसले चौकोन, मॅडम?"

"कॉम्प्युटरवरचे. उजव्या कोपऱ्यात, वर. तीन होते. शनिवारी मी घरी गेले तेव्हा होते. आज मशीन चालू केलं तर नुसता निळा पडदा आणि मधोमध हॉस्पिटलचं चिन्ह."

"हां, ते होय! सुट्टीत सगळे डेस्कटॉप एकसारखे केलेत, मॅडम. वरून आलंय."

"वरून म्हणजे कुठून?"

"दुसऱ्या मजल्यावरून."

"मग दुसऱ्या मजल्यावरच्यांना सांगा, तळमजल्यावरच्या बाईला तिचे चौकोन परत पाहिजेत."

"तसं नाही होत, मॅडम. पोर्टलवर तक्रार टाकावी लागेल. डेस्कटॉपवर पोर्टलचं चिन्ह असेल बघा, त्यावर..." आवाज थांबला. "अच्छा. ते पण गेलं असेल. होल्ड करा हं."

फोनमध्ये संगीत वाजू लागलं. बाईंनी रिसीव्हर कान आणि खांद्याच्या मध्ये धरला आणि एका हाताने प्रसूती विभागाकडून आलेल्या नळ्यांवर नंबर लिहायला घेतले. तीन नळ्या लिहून झाल्या, चौथी झाली, संगीत काही संपेना. शेवटी त्यांनी रिसीव्हर जागेवर आपटला.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, क्ष-किरण विभागाच्या पलीकडे रक्तपेढी होती. बाई तिथे बावीस वर्षं तंत्रज्ञ होत्या. खरं नाव पगारपत्रकापुरतं; वॉर्डातल्या सिस्टरपासून दारावरच्या शिपायापर्यंत सगळे त्यांना 'पेढीवाल्या बाई' म्हणत. दिवसपाळीला एरवी दोघीजणी असायच्या. पण दुसरी बाळंतपणाच्या रजेवर गेली होती आणि तिच्या जागी 'लवकरच' कोणीतरी येणार होतं. हे लवकरच गेले चार महिने चाललं होतं.

चौकोनांची गोष्ट चार वर्षांपूर्वीची. तेव्हा संगणक विभागात कंत्राटावर एक दाढीवाला होता. कसलासा दोष काढायला म्हणून तो पेढीत आला आणि स्टुलावर बसून राहिला. एक दिवस नाही, दोन दिवस. बाईंना आधी वाटलं, कामचुकार दिसतोय. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने विचारलं, "बाई, तुम्ही दर थोड्या वेळाने उठून त्या हलत्या कपाटापाशी का जाता?"

ते हलतं कपाट म्हणजे प्लेटलेटच्या पिशव्यांचं. प्लेटलेट म्हणजे वाहतं रक्त थांबवणाऱ्या पेशी. त्या फ्रीजमध्ये ठेवायच्या नसतात. नेहमीच्या हवेत सारख्या डोलवत ठेवाव्या लागतात, आणि तरी त्यांचं आयुष्य पाचच दिवसांचं. पाच दिवस उलटले की पिशवी लाल डब्यात.

"कोणाचे किती तास उरलेत ते बघायला," बाई म्हणाल्या. "संपत आली असेल तर मी वॉर्डांना फोन फिरवते. कोणाला लागणार असेल तर आत्ता घ्या म्हणते. नाहीतर वाया जाते हो. एकेक माणूस दीड-दीड तास सुई टोचून घेऊन देतं ती."

"पण कॉम्प्युटरमध्ये असतं ना सगळं?"

"असतं की. आधी हे उघडायचं, मग ते उघडायचं, मग यादी, मग गट. तेवढ्यात मी कपाटापाशी जाऊन येते."

आठ दिवसांनी दाढीवाला परत आला आणि त्याने पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ते तीन चौकोन बसवून दिले. काडेपेटीएवढे. पहिल्यात कपाटातल्या प्रत्येक पिशवीची एक ओळ, रक्तगट आणि उरलेले तास. चोवीस तासांच्या आत आली की ओळ पिवळी, सहाच्या आत आली की लाल. दुसऱ्यात फ्रीजचं तापमान. तिसऱ्यात उद्याच्या ज्या शस्त्रक्रियांना रक्त लागेल त्यांची यादी. काही उघडायचं नाही, कुठे दाबायचं नाही. बाई दुसरं कुठलंही काम करोत, चौकोन कडेला जागे असायचे आणि आतले आकडे आपोआप बदलायचे. पुढे दाढीवाल्याचं कंत्राट संपलं, तो कुठल्या गावी गेला कोण जाणे. चौकोन राहिले. बाई त्यांच्याकडे मुद्दाम बघतसुद्धा नसत. नळीवर नंबर लिहिता लिहिता डोळ्याच्या कडेला पिवळं काही दिसलं की हात फोनकडे जायचा. चार वर्षांत दोन पिशव्या वाया गेल्या होत्या, त्याही एकदा कपाटच बंद पडलं म्हणून.

दुपारी जेवायच्या सुट्टीत बाई अर्ज घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेल्या. लिफ्ट रुग्णांसाठी, गुडघा धरून जिना चढावा लागला. संगणक विभागाचे नवे साहेब तिशीतले होते. माणूस उर्मट नव्हता, उलट फारच नम्र. बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, अर्ज पूर्ण वाचला.

"मॅडम, तुमचा मुद्दा मला कळतो," ते म्हणाले. "पण डेस्कटॉपवर अशा चालत्या गोष्टी ठेवायच्या नाहीत असं धोरण ठरलंय. मशीन मंदावतं. सुरक्षेचा प्रश्न असतो. कोणी काय बसवलंय याची नोंद नसते. एका विभागात तर कोणीतरी पोहणारे मासे लावले होते."

"माझे मासे नव्हते."

"नाही, नाही. पण एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं, असं नाही करता येत. आणि माहिती कुठे गेलेली नाही. नव्या प्रणालीत सगळं आहे. उलट जास्त आहे. आत गेलात की 'साठा' म्हणून..."

"साहेब, माहिती आत आहे, मान्य. पण मी बाहेर असते. माझ्या हातात नळ्या असतात, हातमोजे असतात. फोन वाजत असतो. मी दर अर्ध्या तासाला हातमोजे काढून आत कशी जाऊ?"

"सवय होईल, मॅडम."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. पण समोरच्याने इतक्या सौजन्याने पाण्याचा पेला पुढे केला होता की भांडायलाही जागा नव्हती. अर्जावर 'विचाराधीन' असा शिक्का घेऊन त्या खाली आल्या.

सवय करायचा प्रयत्न त्यांनी प्रामाणिकपणे केला. नवी प्रणाली उघडायला नाव, मग पासवर्ड, मग चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची. मग मुख्य पान, विभाग, साठा, घटक, गट, आणि मग यादी. यादीत तासांचा पत्ताच नाही. तारीख आणि वेळ, वजाबाकी आपली आपण करायची. आणि पाच मिनिटं कळफलकाला हात लावला नाही की प्रणाली त्यांना दाराबाहेर काढायची. 'आपले सत्र समाप्त झाले आहे.'

"झालं बाई, तुझं सत्र झालं," बाई पडद्याला म्हणायच्या. "माझं चालूच आहे."

मग त्यांनी चिठ्ठ्या सुरू केल्या. पिवळ्या चिकटचिठ्ठीवर रक्तगट आणि मुदत लिहून ती पडद्याच्या कडेला लावायची. आठवड्याभरात पडद्याला झालर लागली. रुग्णांचे नातेवाईक काउंटरपाशी उभे राहून ती झालर वाचायचे.

घरी जेवताना नवऱ्याच्या लक्षात आलं. तो शिवणयंत्रं दुरुस्त करायचा, त्यामुळे बारीकसारीक हालचाली त्याच्या नजरेतून सुटत नसत.

"तू सारखी त्या तिथे वर काय बघतेस गं? पाल आहे का?"

बाईंनी घास खाली ठेवला. खरंच, त्यांची नजर पुन्हापुन्हा भिंतीच्या उजव्या कोपऱ्याकडे जात होती.

"काही नाही तिथे," त्या म्हणाल्या. "तेच तर."

चौकोन जाऊन महिना होत आला तेव्हाचा तो गुरुवार. सकाळी आठला बाई आल्या तेव्हा प्रसूती विभागाची माणसं दारात उभीच होती. एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिचं रक्त जुळवून पिशव्या वर जातायत तोवर दुसरीचं बोलावणं. त्यात शस्त्रक्रिया विभागाने यादी बदलली. साडेनऊला जरा उसंत मिळाली म्हणून बाईंनी प्रणाली उघडायला घेतली, तर ती म्हणाली, 'आपल्या पासवर्डची मुदत संपली आहे.' नवा ठेवायचा, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक खूण, आणि मागच्या पाचांपैकी कुठलाही चालणार नाही. बाईंनी दोन प्रयत्न केले, दोन्ही नापास. तेवढ्यात फोन वाजला.

"नंतर," बाई स्वतःशी म्हणाल्या आणि हातमोजे चढवले.

नंतर उजाडलं ते बारा वाजून चाळीस मिनिटांनी, लहान मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरच्या फोनने.

"बाई, आमच्या सात नंबरच्या मुलीला प्लेटलेट लागतायत. सकाळचा रिपोर्ट आत्ता आला, आठ हजारावर आल्यात. नाकातून रक्त येतंय, कापूस बदलून बदलून थकले मी. तुमच्याकडे तिच्या गटाची एक आहे ना? सोमवारी म्हणाला होतात."

"आहे, आहे. पाठवते लगेच."

बाई कपाटापाशी गेल्या. सात नंबरची मुलगी त्यांना माहीत होती. सहा वर्षांची, रक्ताच्या कर्करोगाची. महिन्यातून दोनदा तरी तिच्यासाठी पिशवी वर जायची. डुलत्या फळीवरून त्यांनी ती पिशवी उचलली. लेबल वाचलं. पुन्हा वाचलं.

मुदत: आज, दुपारी बारा.

पडद्याच्या झालरीत ती चिठ्ठी होती. डावीकडून सातवी. अक्षर बाईंचं, स्वच्छ, टपोरं. पण चिठ्ठी पिवळीची लाल होत नाही. सकाळी सहापासून चौकोनातली ती ओळ लाल झालेली असती. आठला दारातून आत येतानाच ती डोळ्यांत खुपली असती आणि साडेआठला त्यांनी सिस्टरला फोन केला असता, 'मुलीला आज लागेलसं वाटतंय का? मग आत्ताच न्या.' असे किती फोन त्यांनी चार वर्षांत केले होते, मोजले नव्हते.

हातातली पिशवी मऊ होती, कोमट, फिक्या पिवळ्या रंगाची. तिच्यात काहीही बिघडलेलं दिसत नव्हतं. एक क्षण, अगदी एकच क्षण, बाईंच्या मनात आलं की चाळीस मिनिटांनी काय होतंय. मग त्यांनी लेबलावर आडवी रेघ मारली आणि पिशवी लाल डब्यात टाकली.

"सिस्टर," फोनवर त्या म्हणाल्या, "ती पिशवी गेली. मुदत टळली. माझ्या लक्षात आलं नाही. दुसरी करते, थोडा वेळ द्या."

"किती वेळ?"

"करते."

शहरातल्या दुसऱ्या दोन पेढ्यांना त्यांनी विचारलं. त्या गटाची एकीकडेही नव्हती. मग वही उघडून त्यांनी लेथवाल्याचा नंबर लावला. वाया गेलेली पिशवी त्याचीच होती. कारखान्यात लेथ मशीन चालवणारा पन्नाशीचा माणूस, वर्षातून आठ-दहा वेळा यायचा, कधी कोणासाठी म्हणून विचारायचा नाही.

"दादा, पेढीतून बोलतेय. पुन्हा येता येईल का? आज? आत्ता?"

मागे यंत्रांची घरघर होती. "पाच दिवसांपूर्वीच दिलं की, ताई. चालतं का एवढ्यात?"

"प्लेटलेटला चालतं. एरवी मी बोलावलं नसतं."

"येतो. पाळी बदलून घेतो."

दीड वाजता तो आला, हाताला तेलाचा वास, नखांत काळं. बाईंनी त्याला खुर्चीवर आडवं केलं, तपासणीची नळी भरून घेतली, मशीन लावलं. एका नळीतून रक्त बाहेर, मशीनमध्ये फिरून प्लेटलेट वेगळ्या, बाकीचं पुन्हा आत. पिशवीत फिकं पिवळं थेंबथेंब जमू लागलं.

बाई स्टूल घेऊन शेजारी बसल्या. सांगायची गरज नव्हती. कोणत्याच रक्तदात्याला त्याच्या पिशवीचं पुढे काय झालं हे कोणी सांगत नाही. पण त्यांच्याने गप्प बसवेना.

"दादा, तुमची मागची पिशवी वाया गेली. आज दुपारी. माझ्याकडून मुदत चुकली. जिला द्यायची होती ती मुलगी वर वाट बघतेय, म्हणून तुम्हाला पुन्हा टोचतेय."

लेथवाल्याच्या चेहऱ्यावर राग आला, तो त्याने लपवला नाही.

"दीड तास झोपलो होतो मी त्या दिवशी. मुलीला शाळेतून आणायचं राहिलं. ती फाटकात उभी."

"हो."

"तुमच्याकडून असं कसं झालं, ताई? तुम्ही तर..."

मग बाईंनी त्याला चौकोनांचं सांगितलं. कसे होते, कसे गेले, दुसरा मजला काय म्हणाला. सांगता सांगता त्यांनाच वाटलं, आपण सबबी सांगतोय. त्या थांबल्या.

"म्हणजे यंत्रावरचा मापाचा काटा काढून कपाटात ठेवला," लेथवाला म्हणाला, "आणि कपाटाची चावी तुमच्याकडे दिली."

"तसंच."

"आमच्याकडे असं केलं ना, तर पहिल्या दिवशी बोट जाईल माणसाचं. काटा यंत्रावरच लागतो. हातापाशी." त्याने मोकळ्या हाताचं बोट वर केलं. "बोट गेलं की मग लगेच बसवतात परत."

तपासण्या उरकून पिशवी तयार व्हायला पावणेपाच झाले. बाईंनी ती शिपायाकडे दिली नाही. स्वतः घेऊन जिना चढल्या. सात नंबरच्या खाटेवर मुलगी उताणी पडली होती, नाकात कापूस, उशीवर तपकिरी डाग. तिची आई पायथ्याशी बसली होती. तिने पिशवीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"दुपारीच येणार होती ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "माझ्यामुळे उशीर झाला."

आईने तोंड फिरवून मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले. सिस्टरने पिशवी टांगली. तासाभराने नाकातलं रक्त थांबलं, असा खाली फोन आला.

चौकशी झाली ती पुढच्या आठवड्यात, अधीक्षकांच्या दालनात. अधीक्षक घाईत होते. संगणकाचे साहेब एक फाइल घेऊन आले होते. आपलं धोरण बरोबर होतं हे त्यांना सांगायचं होतं, पण बाईंकडे बघून त्यांना ते नीट सांगता येत नव्हतं.

"माहिती प्रणालीत होती का?" अधीक्षकांनी विचारलं.

"होती, सर."

"दाखवा."

साहेबांनी दालनातल्या मोठ्या पडद्यावर प्रणाली उघडली. नाव, पासवर्ड, वेडीवाकडी अक्षरं. एकदा चुकली. मुख्य पान, विभाग, साठा. चाक गरगर फिरत राहिलं. अधीक्षकांनी चहा मागवला. बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. यादी यायला तीन मिनिटं लागली.

"बघा, सर. सगळं आहे."

"आहे," बाई म्हणाल्या. "आता हातमोजे घालून दर अर्ध्या तासाला करून दाखवा."

साहेबांनी फाइल चाळायला घेतली. पण अधीक्षकांचं लक्ष यादीवर खिळलं होतं. खुर्ची मागे रेलून ते म्हणाले, "हे फार छान आहे. किती पिशव्या, कोणती कधी संपणार... असं उघडत बसायला नको. हे मला इथे कायम दिसलं पाहिजे. चालतं. रंगीत. पाहणी समिती येते तेव्हा दाखवायला बरं. करता येईल?"

"इथे... इथे येईल, सर," साहेब म्हणाले. "हा डेस्कटॉप नाही. दालनाचा पडदा आहे. तो धोरणात बसत नाही, म्हणजे, धोरणाच्या बाहेर आहे."

बाईंना हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा कळेना.

"आणि माझ्याकडे?"

"तुमचा अर्ज विचाराधीन आहे ना?" अधीक्षक म्हणाले, आणि त्यांनी कागद पुढे केला. कर्तव्यात कसूर केल्याबद्दल समज. बाईंनी तो सावकाश वाचला. सही केली. सहीच्या खाली आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'पिशवी वाया गेली हे खरे आहे. ती मला दिसली नाही, हेही खरे आहे.'

अधीक्षकांनी ते न वाचताच फाइल मिटली.

पंधरा दिवसांत दालनातल्या पडद्यावर काम झालं. दारावरच्या शिपायानेच बाईंना सांगितलं, "बाई, तुमच्या पेढीचं सगळं वर दिसतं आता. एवढं मोठं!" दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, पेढीत जायच्या आधी, बाई जिना चढून दालनापाशी गेल्या.

"अधीक्षकसाहेब नाहीत," शिपाई म्हणाला. "ते अकराला येतात. आज तर बाहेरगावी आहेत."

"मला साहेब नकोत. दार उघड फक्त."

शिपायाने जरा विचार केला, मग दार उघडलं. आत खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. रिकाम्या खुर्च्या टेबलाभोवती नीट लावून ठेवलेल्या. भिंतीवर, हात पसरले तरी पुरणार नाहीत एवढ्या रुंद पडद्यावर, एकाखाली एक ओळी होत्या. पांढरी, पांढरी, पिवळी, पांढरी. सर्वांत खालची लाल. तिच्यापुढे आकडा होता पाच, आणि बाई बघत असतानाच त्याचे चार तास एकोणसाठ मिनिटं झाली.

बाईंनी खिशातून पेन काढून तळहातावर रक्तगट लिहून घेतला.

"दुपारी बाराला परत येईन," त्या शिपायाला म्हणाल्या. "आणि तीनला."

"रोज?"

"रोज."

कठड्याला धरून त्या जिना उतरू लागल्या. दुखरा गुडघा आधी, मग दुसरा पाय, शक्य तितक्या भरभर.